खिशातला ट्रक

खंडेराव गायधनींच्या अंगाची झडती आयुष्यात जितक्या वेळा झाली, तितक्या वेळा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या सराईत चोराचीही झाली नसेल. आणि तरीही त्यांच्याइतका सरळ माणूस अख्ख्या जेलरोडला दुसरा नव्हता. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात गेली. तिथली रीतच अशी, की पाळी संपली की फाटकाशी रांग लावायची, दोन्ही हात वर करायचे, पहाऱ्यावरच्या माणसाने खिसे, कंबर, जेवणाचा डबा, वेळ पडली तर चपलासुद्धा चाचपायच्या आणि शेवटी तो ‘चला’ म्हणाला की हात खाली घेऊन घरची वाट धरायची. यात कुणाला काही वाटत नसे. ज्याच्या हाताखालून रोज एवढ्या नोटा जातात त्याच्या हातांकडे सरकारने जरा लक्ष ठेवलं तर बिघडलं कुठे, असं खंडेराव स्वतःच पाहुण्यारावळ्यांना समजावत. वर मान ताठ करून सांगत, की इतक्या वर्षांत माझ्या अंगावर कधी काही सापडलं नाही. घर सोडलं तर त्यांनी कमावलेली एवढी एकच गोष्ट होती.

सवय मात्र हाडात मुरली. दाराशी कुणी खाकीतला किंवा निळ्या डगल्यातला माणूस दिसला की खंडेरावांचे हात आपोआप वर जात. कॉलेजरोडच्या नव्या मॉलमध्ये गेले, वॉचमनने नुसतं दार उघडलं, यांचे हात वर. एका लग्नात तर मंगल कार्यालयाच्या दाराशी अत्तर लावायला उभ्या असलेल्या नवरीच्या मामांसमोर त्यांनी हात वर केले. मामांना वाटलं, पाहुणे गळाभेटीला आले, म्हणून त्यांनीही कडकडून मिठी मारली. मग पंगतीत बसून दोघंही बराच वेळ आपण पूर्वी कुठे भेटलो होतो ते आठवत होते.

निवृत्तीच्या दिवशी खंडेराव शेवटची झडती देऊन घरी आले आणि बायकोला, सुलाबाईंना, म्हणाले, “संपलं. आता या अंगाला मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

सुलाबाई म्हणाल्या, “हातपाय धुऊन घ्या. पानं वाढलीत.”

जन्मभराच्या नोकरीनंतर माणूस एक वाक्य जमवून आणतो आणि ते असं वाया जातं. पण खंडेरावांनी ते मनावर घेतलं होतं. रोज दुपारचा चहा झाला की ते बसने देवळाली कॅम्पला जायचे, स्टेशनात शिरायचे, प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायचे (तपासनीसाने कधी विचारलं नाही, पण यांनी कधी चुकवलं नाही) आणि टोकाच्या बाकावर बसायचे. तेवढंच. दोन तास तिथे त्यांना कुणी ओळखत नसे, कुणी काही विचारत नसे आणि कुणी चाचपत नसे. संध्याकाळी ते परत यायचे. एवढी दोन तासांची मोकळीक हीच काय ती त्यांची खरी पेन्शन होती.

बाकावर त्यांना जोडीदार मिळाला होता. लियाकतभाई. कॅम्पाच्या बाजारात उभा जन्म पलटणीचे गणवेश शिवण्यात घालवलेले शिंपी. आता नजर अधू झाल्यामुळे दुकान जावयाच्या हाती होतं, पण मोजमापाची फीत गळ्यात तशीच असायची. सुट्टीवर जाणारे जवान, त्यांच्या बायका, लोखंडी ट्रंका, रडणारी पोरं असं सगळं समोरून जायचं आणि लियाकतभाई पुटपुटायचे, “खांदा उतरला. कुणी शिवलाय कुणास ठाऊक.” खंडेराव मान डोलवायचे. दोघांची मैत्री एकमेकांना काही न विचारण्यावर उभी होती, आणि अशी मैत्री फार मजबूत असते असा दोघांचाही समज होता.

ही गोष्ट दोन हजार आठच्या सुमाराची. एकदा पॅसेंजर फारच उशिरा येत होती. बाकाशेजारी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन नवऱ्याची वाट बघत होती. नवरा आलेला बघूनच उठायचं, असं दोघांनी न बोलता ठरवलं. तो आला, मुलाने त्याला ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं, मग तिघंही हसले. खंडेराव घरी पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते आणि सुलाबाईंबरोबर अर्धी गल्ली फाटकात उभी होती.

“कुठे होतात?”

“असाच.”

“असाच म्हणजे कुठे?”

आता हे कसं सांगायचं? सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि जे होतं ते सांगितलं की उरलं नसतं. तेवढ्यात शेजारचे झुंबरराव पुढे आले. झुंबरराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आता नियंत्रण करायला बस उरली नव्हती, पण गल्ली होती.

“वहिनी, त्यांना टोचू नका,” ते हलक्या आवाजात म्हणाले. म्हणजे चौथ्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या. “त्यांना आठवत नसेल. या वयात सुरुवात अशीच होते.”

माणूस सांगत नाही याचा अर्थ त्याला सांगायचं नाही, असा एक साधा अर्थ निघू शकतो. तो कुणालाही सुचला नाही. दुसऱ्या दिवसापासून सुलाबाईंनी भिजवलेले बदाम सुरू केले. झुंबररावांच्या घरून ब्राह्मीचं तेल आलं. जो तो दारात अडवून विचारू लागला, “गायधनी, मला ओळखलंत का?” ओळखलं म्हटलं की लोकांना हायसं वाटायचं आणि जरा निराशाही व्हायची.

खंडेरावांचा मुलगा ललित एका कंपनीत होता. ट्रकमध्ये बसवायचं एक यंत्र ही कंपनी विकायची. उपग्रहावरून गाडी कुठे आहे ते त्या यंत्राला कळायचं आणि मालकाला घरबसल्या मोबाइलवर निरोप यायचा. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांना ते विकता विकता ललितला वाटलं, जे कांद्याला मिळतं ते बापाला का मिळू नये? लेकराचा हेतू चांगला होता हे इथेच सांगून टाकायला हवं. या गोष्टीत हेतू सगळ्यांचेच चांगले आहेत, आणि तीच खरी पंचाईत आहे.

अडचण पहिल्याच पायरीवर आली. कंपनीच्या संगणकाला माणूस ही चीज माहीत नव्हती. त्याला गाडीचा नंबर हवा होता. ललितने घरच्या जुन्या बजाज स्कूटरचा नंबर दिला. मग त्याला गाडीचा प्रकार हवा होता. स्कूटर त्या यादीत नव्हती. सहाचाकी आणि दहाचाकी यांतून ललितने बापाच्या प्रकृतीकडे बघून सहाचाकी निवडलं. अशा रीतीने खंडेराव गायधनी सरकारी नाही तरी खाजगी दप्तरात रीतसर ट्रक झाले.

दुसरी अडचण खुद्द ट्रकला सांगायचं कसं, ही होती. सुलाबाई म्हणाल्या, कळलं तर ते अंगाला लावून घेणार नाहीत. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की हे रक्तदाबाचं चुंबक आहे. त्या काळात जेलरोडला चुंबकाचे पट्टे, चुंबकाच्या गाद्या, चुंबकाचं पाणी यांची लाटच आली होती, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी सुलाबाईंनी बंडीच्या आतल्या खिशात बसवून दिली. रात्री ती भिंतीवरच्या प्लगला लावावी लागे. “चुंबक थकतं का?” खंडेरावांनी एकदा विचारलं. “नव्या प्रकारचं आहे,” सुलाबाई म्हणाल्या.

आणि खंडेरावांना गुण आला. डोकं हलकं वाटू लागलं. त्यांनी लियाकतभाईंना ती डबी बाहेरून चाचपायला दिली आणि मुलगा आपली किती काळजी घेतो ते सांगितलं. लियाकतभाई म्हणाले, “नशीबवान आहात, गायधनीसाहेब.”

इकडे ललितच्या मोबाइलवर रोज इंग्रजीत निरोप येऊ लागले. तुमचं वाहन देवळालीत उभं आहे. इंजिन बंद आहे. तुमचं वाहन दोन तास हललेलं नाही, चालकाशी संपर्क साधा. सुलाबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. आधी त्यांना नवरा हरवण्याची भीती होती, आता तो सापडल्याची वाटू लागली. रोज एकाच ठिकाणी, ठरल्या वेळी, दोन-दोन तास. झुंबररावांनी नकाशा नीट पाहून मत दिलं, की मार्गावर विनाकारण थांबा घेणारी गाडी त्यांच्या अनुभवात कधी विनाकारण थांबलेली नसते. या मतानंतर सुलाबाई बरेच दिवस नीट जेवल्या नाहीत.

लासलगावात तर वेगळाच प्रकार घडला. गिऱ्हाइकाला दाखवायला पडद्यावर चालती गाडी लागते, म्हणून ललित बापाचा ठिपका दाखवू लागला. बाजार समितीच्या आवारात, ट्रॅक्टरांच्या गर्दीत, एका व्यापाऱ्याने तो बराच वेळ न्याहाळला. “ही गाडी लय उभी राहती राव,” तो म्हणाला. “डायवर डिझेल विकतोय. आजच काढून टाका त्याला.”

ललित हसला. त्याने तीन यंत्रं विकली.

मग तो दिवस आला. कुणी मोठा लष्करी अधिकारी रेल्वेने येणार होता आणि देवळाली स्टेशनात बंदोबस्त लागला होता. प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येकाला तपासत होते. जवान बाकापाशी आला तेव्हा खंडेराव आधीच उठून हात वर करून उभे होते. किती वर्षांनी कुणी रीतसर झडती घेत होतं. जवान पोरगेला होता, त्याने वरवर चाचपलं आणि पुढे निघाला. खंडेरावांना ते बघवेना.

“बेटा, ऐसे नहीं,” ते म्हणाले. “कॉलर देखो. कमर का पट्टा देखो. अंदर का खिसा तो देखा ही नहीं.”

जवानाने अंदर का खिसा बघितला. काळी डबी बाहेर आली. तिच्यावर एक लाल दिवा लुकलुकत होता.

“ये क्या है, बाबा?”

“चुंबक है. बीपी का.”

जवानाने डबी उलटीसुलटी केली आणि शिट्टी फुंकली. पाचदहा मिनिटांत खंडेराव आणि लियाकतभाई एका चौकीत होते. तिचं नाव न घेतलेलं बरं. फौजदाराने एका जाणकाराला बोलावलं. जाणकाराने डबी उघडली, आतलं सिमकार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “साहेब, हे गाडीचं यंत्र आहे. यांचा ठावठिकाणा कुठेतरी पाठवतंय.”

खंडेरावांनी त्या कार्डाकडे बघितलं. उभा जन्म हात वर केले, कधी काही सापडलं नाही. आज सापडलं होतं, आणि ते त्यांच्या बायकोने आपल्या हाताने खिशात बसवलं होतं. ते तिथेच बाकड्यावर बसले. त्यांना फार लाज वाटली. कुणाची ते मात्र ठरवता येईना.

फौजदार आपलं काम करत होता. कंपनीला फोन लागला. तिकडून माहिती आली, की सदर यंत्र अमुक नंबरच्या सहाचाकी ट्रकमध्ये बसवलेलं आहे.

“ट्रक कुठं लावलाय?” फौजदाराने विचारलं.

“ट्रक नाही, साहेब.”

“कंपनी म्हणते आहे. परमिट कुठंय? फिटनेस?”

“फिटनेस म्हणजे, गुडघे जरा दुखतात.”

हे खंडेराव विनोदाने बोलले नव्हते, पण फौजदाराला तसं वाटलं आणि प्रकरण लांबलं. तोवर त्याची नजर लियाकतभाईंच्या गळ्याकडे गेली होती.

“ही फीत कशाला? स्टेशनात काय मोजता?”

“सवय आहे, साहेब. शिंपी आहे मी.”

“दुकान तर जावयाकडे ना? मग मोजता काय?”

लियाकतभाईंनी फीत काढून हातात धरली आणि हळूहळू गुंडाळली. लष्कराच्या छावणीत त्यांचा आजा आला होता, बापाने गोऱ्यांचे कोट शिवले होते, हे सगळं ते सांगू लागले. फौजदार म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा.

ललित धावत आला. झुंबररावही आले, कारण चौकीत अनुभवी माणूस बरोबर असावा. बाप निर्दोष आहे हे सिद्ध करायला ललितने लॅपटॉप उघडून गेल्या सगळ्या दिवसांचा नकाशा फौजदारापुढे मांडला. बघा साहेब, घर, बस, स्टेशन, घर. दुसरं काही नाही.

फौजदार लक्ष देऊन बघत होता. “म्हणजे रोज इथंच?”

“रोज.”

“रोज या माणसाबरोबर? काय करता दोघं?”

“बसतो,” खंडेराव म्हणाले.

“बसून काय करता?”

“बसतो.”

“आणि हे कुठंय? एक दिवस बाजारातल्या गल्लीत गेलेले दिसता.”

मग लियाकतभाई म्हणाले, “ते माझं घर आहे, साहेब. ईद होती. शीरखुर्म्याला बोलावलं होतं यांना.”

फौजदाराने ती गल्ली कागदावर उतरून घेतली. आपण काय दाखवून बसलो ते ललितला तेव्हा कळलं असावं, पण पडद्यावरचा ठिपका आता झाकता येत नव्हता.

कंपनीचं पत्र आलं, स्कूटरचं पुस्तक आलं, छापखान्याचं निवृत्तीचं ओळखपत्र आलं. ते बघून फौजदार नरम झाला. “काका, आधी सांगायचं नाही का?” म्हणून त्याने चहासुद्धा मागवला. अंधार पडायच्या आत खंडेराव मोकळे झाले. लियाकतभाईंना रेशनकार्ड घेऊन उद्या या असं सांगितलं. उद्या गेले तर घरभाड्याची पावती घेऊन परवा या. मग जावयाला घेऊन या. मग नुसतंच या. त्यांच्यावर आरोप काहीच नव्हता. आरोप असता तर तो खोडता तरी आला असता.

घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. सुलाबाई रडल्या आणि मग हसल्या. स्टेशनात नुसते बसायला जात होतात, एवढंच ना? मग सांगायला काय झालं होतं? खंडेरावांनी मुलाला एकच विचारलं, “हे आणखी कुणी पाहिलं?”

ललितने लासलगावची गंमत सांगितली. झुंबरराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. खंडेराव हसले नाहीत. “माझं बसणं तू बाजारात दाखवलंस,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

उलट असं ठरलं, की आता लपवाछपवी नको, डबी उघड खिशात ठेवायची. “कुणी विचारलं तर पुरावा आहे आपल्याकडे, आबा,” ललित म्हणाला. “तुमच्या भल्यासाठीच आहे.” खंडेरावांनी भांडायला हवं होतं. पण ज्याला इतकी वर्षं झडती द्यायची सवय आहे, त्याला नाही म्हणायची सवय कुठून असणार?

ते पुन्हा बाकावर जाऊ लागले. बाकाची दुसरी बाजू रिकामी राहिली. गाड्या आल्या, ट्रंका उतरल्या, एका हवालदाराचा खांदा उतरलेला दिसला. तो उतरलाय हे सांगायला कुणी नव्हतं. शेवटी एका दुपारी न राहवून खंडेराव बाजारातल्या गल्लीत गेले आणि लियाकतभाईंच्या दाराची कडी वाजवली. त्यांच्या बायकोने, सुरय्याबाईंनी, दार अर्धं उघडलं.

“वो घर पे नहीं हैं, भाईसाब.”

उंबऱ्याशी लियाकतभाईंच्या चपला होत्या. खंडेरावांनी त्या पाहिल्या आणि खंडेरावांनी पाहिल्या हे सुरय्याबाईंनीही पाहिलं. त्यांनी नजर खाली नेली नाही. ती खंडेरावांच्या छातीवर थांबली.

“भाईसाब, बुरा मत मानना. वो चीज आज भी साथ में है क्या?”

खंडेरावांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. डबी होती. आज ती घरी ठेवून यायचं त्यांनी सकाळपासून मनात घोकलं होतं. भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीचं तेल एवढं झाल्यावर, आयुष्यात एक गोष्ट ते खरोखर विसरले, ती ही. आत्ता या क्षणी ललितच्या मोबाइलवर निरोप गेला असेल, की वाहन या गल्लीत, या दारासमोर उभं आहे.

“आहे,” ते म्हणाले.

सुरय्याबाईंनी मान हलवली आणि दार लावलं. आपटलं नाही. आतून कुणीतरी खोकलं, तो खोकला खंडेरावांना पाठ होता.

ते स्टेशनात गेले नाहीत. मिळेल त्या बसने घरी आले. वाटेत त्यांना वाटलं, की डबी खिडकीतून फेकून द्यावी. पण मग ती रस्त्यावर पडलेली दिसली असती आणि घरी रडारड झाली असती, म्हणून त्यांनी ती खिशातच ठेवली. त्या दिवसानंतर खंडेराव देवळालीला गेले नाहीत. किराणा दुकान आणि दळणाची गिरणी यापलीकडे त्यांचा ठिपका सरकेना. तुमचं वाहन घरीच आहे, असा निरोप ललितला येई आणि त्याला शांत झोप लागे. गल्लीत सगळे म्हणत, गायधनी आता अगदी सुधारले. झुंबररावांनी आपल्या सुनेसाठी तसंच एक यंत्र मिळेल का, याची चौकशी केली.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी खंडेराव परत आले तेव्हा सुलाबाई घराच्या दारात उभ्या होत्या, ललितचा फोन आला असावा. खंडेरावांनी चपला काढल्या, वर बघितलं आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

सुलाबाईंनी मनात काही न आणता पुढे होऊन त्यांचा खिसा चाचपला. “आहे रे, ललित,” त्यांनी फोनमध्ये सांगितलं. “आहे जागेवर.” आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

खंडेराव दारात तसेच उभे राहिले. ‘चला’ कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकल्याशिवाय हात खाली घ्यायची त्यांना सवय नव्हती.